प्रस्थान

नागपूरच्या माणसाला समुद्र भेटतो तो रेल्वेच्या शेवटच्या स्थानकानंतर. ज्या नदीवरून आमच्या गावाला नाव मिळाले ती नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत शिरते. म्हणजे आमच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी शेवटी जाते ते पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला. आम्ही मात्र समुद्र म्हटला की पश्चिमेकडे पाहतो. कारण १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ मुंबईहून येऊन नागपूरला पोचले. पाण्याची वाट एक आणि माणसांची दुसरी, अशी ही स्थिती दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. तेव्हा नागपूरकराला जहाजाने कोठेही जायचे झाले, की आधी ८३७ किलोमीटर जमिनीवरून जावे लागते, आणि समुद्रप्रवासातला सर्वांत बेभरवशाचा भाग तोच असतो.

जहाज सुटण्याच्या किती आधी धक्क्यावर हजर असावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी एखाद्या प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकातला वाटेल. साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे कारण असे, की मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात या प्रश्नावर तीन आठवडे वाद चालला, आणि त्या वादात प्रवासापेक्षा बरेच काही बाहेर आले. आम्ही दोघे, म्हणजे निवृत्त झालेले दोन मराठीचे शिक्षक, आणि आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्या, असे तिघे मुंबईहून गोव्याच्या बाजूला जाऊन येणाऱ्या एका क्रूझवर निघणार होतो. बेत आत्याचा होता. तिने आयुष्यात जहाजावर पाऊल ठेवले नव्हते, आणि आता ठेवले नाही तर मग कधी, असे तिचे म्हणणे होते.

जहाज सायंकाळी सुटणार होते. दुरान्तो किंवा विदर्भ एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सोडते, आणि तेथून बॅलार्ड पिअर दोनेक किलोमीटर. कागदावर आठ-नऊ तासांची सवड राहते. आमचा पुण्याचा भाचा तर सकाळच्या विमानाने या म्हणत होता. त्याचा दुसरा पर्याय समृद्धी महामार्गाचा होता. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता आठ तासांत उरकतो, असे तो आकड्यांनिशी सांगे. त्या सातशे एक किलोमीटरांचा हिशेब देता येतो हे आम्हांला मान्य आहे. पण आमणे ते बॅलार्ड पिअर या उरलेल्या अंतराचा हिशेब अद्याप कोणी दिलेला नाही.

शिवाय जहाजाच्या तिकिटावर दोन वेळा असतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. एक सुटण्याची आणि दुसरी नोंदणी बंद होण्याची. ही दुसरी पहिलीच्या चांगली आधी असते, आणि खरी वेळ तीच. सामानाची तपासणी व्हायची असते, प्रवाशांची यादी पक्की करून अधिकाऱ्यांकडे द्यायची असते, जहाज बाहेर काढणारा बंदराचा पायलट आणि ओढबोटी ठरल्या वेळी यायच्या असतात. गाडी हलल्यावर धावत जाऊन दांडा पकडणारा माणूस आपल्याकडच्या कथा-चित्रपटांत पुष्कळ आढळतो. जहाजाला असा दांडा नसतो.

आत्याचे म्हणणे, दोन दिवस आधी पोचायचे. भाचा हसला तेव्हा ती म्हणाली, "काहून हसतो रे? जहाज काय आपल्या बापाचं आहे, थांबायला?"

येथे एक विषयांतर, पण भाषेच्या शिक्षकांना ते टाळवत नाही. मराठीत आपण गाडी चुकवत नाही, गाडी चुकते. "माझी गाडी चुकली" या वाक्यात कर्तेपण गाडीकडे आहे आणि प्रवासी षष्ठीत, बाजूला, जणू साक्षीदार म्हणून उभा आहे. बोटीचेही तसेच: "त्याची बोट चुकली." सकर्मक "चुकवणे" वापरले की अर्थच पालटतो, मग तो गणितातला किंवा कर भरण्यातला गुन्हा होतो. बरे, ज्या क्रियेने वाहन निघते ती "सुटणे", आणि कैदी सुटतो, गाठ सुटते, शाळा सुटते, तीही हीच. "बोट लागली" याचे तर दोन अर्थ: ती धक्क्याला लागली, किंवा ती आपल्या पोटाला लागली. समुद्रकाठच्या माणसाला यातला कोणता अर्थ केव्हा हे विचारावे लागत नाही. नागपूरकर जरा थांबतो.

गाडीलाच कर्ता करणाऱ्या या वाक्यात किती करुणा आहे, हे आम्हांला आत्याच्या तोंडून कळले. तिचा थोरला भाऊ, आमचे काका, १९६२ च्या सप्टेंबरात शिक्षणासाठी विलायतेला गेला. तेव्हा विमानाचे भाडे मध्यमवर्गीय घराच्या आटोक्यात नव्हते. मुले बोटीने जात. लॉइड ट्रिएस्टिनोच्या इटालियन बोटी होत्या, लिव्हरपूलला जाणाऱ्या अँकर लाइनच्या होत्या, पी अँड ओच्या होत्या. काका कागदपत्रांसाठी दहा दिवस आधीच मुंबईला गेले होते. त्यांना पोचवायला आमची आजी आणि धाकटे काका मागून निघाले, ज्या सकाळी पोचायचे त्याच दुपारी बोट सुटणार या हिशेबाने. नोकरी, रजा, मुंबईत राहायचे कोणाकडे हा संकोच, सगळे पाहता हिशेब वावगा नव्हता. भुसावळ सोडल्यावर पाऊस लागला आणि पुढे घाटात दरड आल्याने गाड्या खोळंबल्या. आजी बॅलार्ड पिअरवर पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. बोट कोठल्या जागी लागली होती ते एका हमालाने दाखवले. तेथे पाणी होते.

आत्या त्या वेळी नागपुरातच होती. तिने हे काहीच पाहिलेले नाही. तिने पाहिला तो परत आलेला पितळी डबा, वर फडके बांधलेला, आत डिंकाचे लाडू जसेच्या तसे. आजीने तो कोणाला वाटलाही नाही आणि उघडलाही नाही, स्वयंपाकघरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आत्याला म्हणाली, "त्याची बोट चुकली गं." "मला उशीर झाला" किंवा "गाडीला उशीर झाला" यांपैकी काहीच ती म्हणाली नाही. काकांना कारण कळले ते एडनला, कारण विमानाचे पत्र बोटीच्या आधी तेथे पोचले होते. पुढे काका परत आले १९६७ मध्ये. आजी १९६५ मध्येच गेली होती.

स्थानकावरचा निरोप आणि धक्क्यावरचा निरोप यांत फरक आहे, आणि निरोपाच्या दृश्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. गाडी मिनिटाभरात वळणाआड जाते. मागे राहिलेल्याचे रडणे अर्ध्यात तुटते. बोट सावकाश वळते, लहान होत जाते, तासभर दिसत राहते. धक्क्यावरच्या माणसाला आपले दुःख शेवटापर्यंत नेऊन घरी परतता येते. आजीला ते मिळाले नाही. आत्याचे दोन दिवस त्या संध्याकाळच्या हिशेबात होते, आणि भाच्याच्या आकड्यांना तेथे काही करता येण्यासारखे नव्हते.

आता बंदराच्या बाजूने पाहू. जहाज कोणासाठी थांबत नाही हे जितके खरे, तितकेच जहाजालाही कोणासाठी तरी थांबावे लागत असे, हे खरे. तो कोणीतरी म्हणजे समुद्र. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक यांचे दरवाजे भरतीच्या सुमारास उघडत, आणि जहाजांची ये-जा त्या तेवढ्या वेळात उरकावी लागे. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, दुहेरी दरवाज्यांच्या जलपाशासह झाला तेव्हा ही अडचण संपली. त्याच काळात बॅलार्ड पिअर आणि मागची बॅलार्ड इस्टेट भर घातलेल्या जमिनीवर उभी राहिली. पुढे धक्क्यालगतच रेल्वेचे स्थानक झाले. बोटीतून उतरलेला गोरा साहेब समोरच्या गाडीत बसून थेट दिल्ली-पेशावरच्या दिशेने जाई. बंदर आणि रेल्वे यांनी एकमेकांची वेळ पाळावी यासाठी साम्राज्याने पुष्कळ पैसा ओतला. अर्थात ती सोय डाकेसाठी आणि साहेबांसाठी होती. लाडवांचा डबा घेऊन येणाऱ्या आयांसाठी नव्हती.

पण वेळ पाळायची म्हणजे कोणाची? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे. मुंबई शहर आपल्या सूर्याने चाले, ४ तास ५१ मिनिटे पुढे. नागपूरचा सूर्य ५ तास १६ मिनिटांच्या आसपास. म्हणजे रेल्वेची वेळ ही जवळजवळ नागपूरचीच वेळ होती. आमच्या पणजोबांच्या पिढीतला माणूस रेल्वेच्या घड्याळाशी आपले घड्याळ लावून बोरीबंदरला उतरला, की शहराच्या घड्याळांपेक्षा तो आपोआप अर्धा तास पुढे असे. मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा एक सरकारी प्रयत्न १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत झाला आणि मुंबईकरांनी तो हाणून पाडला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईच्या नगरपालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. या हट्टाकडे राष्ट्रीय अस्मितेचा अध्याय म्हणून पाहतात, तसे पाहावेही. आम्हांला मात्र त्या शहरात बाहेरगावाहून बोट गाठायला आलेला, दोन घड्याळांकडे आळीपाळीने पाहणारा माणूस दिसतो.

घड्याळे जुळवण्याच्या या खटाटोपाच्या कितीतरी आधी आपल्याकडे याच अडचणीवर एक तोड निघालेली होती. पंचांगातला मुहूर्त एका वेळी आणि निघण्याची सोय दुसऱ्या वेळी, असे झाले की "प्रस्थान ठेवत". तांदूळ, सुपारी, हळकुंड, एखादे नाणे, कधी नेसायचे वस्त्र, असे गाठोडे मुहूर्तावर शेजाऱ्याच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायचे. झाले, माणूस निघाला. मग तो दोन दिवस घरी जेवो-खावो, प्रत्यक्ष जाताना ते गाठोडे उचलले की पुरे. सुधारकांनी या चालीची यथेच्छ थट्टा केली आणि आम्हीही वर्गात केलेली आहे. परंतु तिच्यामागची जाणीव बारकाईची आहे: निघणे आणि जाणे या दोन क्रिया आहेत, आणि त्यांच्यामध्ये जागा ठेवावी लागते.

वारीत हे अधिक स्पष्ट दिसते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीचे प्रस्थान होते. इतका मोठा सोहळा, लाखांचा समुदाय. पालखी देऊळवाड्यातून बाहेर पडते आणि त्या रात्री जाते कोठे, तर आळंदीतच, आजोळघरी. देहूची पालखीही आदल्या दिवशी निघून पहिली रात्र देहूतच, इनामदारवाड्यात काढते. पंढरीची खरी चाल दुसऱ्या दिवशी. ज्याला उशीर झाला, ज्याचा नदीवर पाय अडकला, ज्याची दिंडी मागे राहिली, त्याला ही एक रात्र मिळते. आजीला बॅलार्ड पिअरवर अशी एक रात्र मिळाली असती तर, हा विचार आत्याने बोलून दाखवला नाही. आम्हीच तो केला.

लवकर पोचण्यातही धोके असतात, हे मान्य करायला हवे. गांधीजी १८८८ मध्ये राजकोटहून मुंबईला आले ते बोट धरण्यासाठी. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, पहिलाच प्रवास आहे, नोव्हेंबरपर्यंत थांबा, असे स्नेह्यांनी त्यांच्या भावाला सांगितले, आणि अठरा वर्षांचा मुलगा मुंबईत अडकून पडला. त्या रिकाम्या दिवसांत जातीच्या मंडळींना सभा भरवायला सवड मिळाली. त्यांनी त्याला बहिष्कृत केले आणि जो त्याला मदत करील किंवा धक्क्यावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठोठावला. मग कोणी जुनागढचे वकील ४ सप्टेंबरच्या बोटीने निघाले आहेत असे कळले आणि त्याच बोटीवर जागा धरून तो सुटला. आत्मचरित्रातील हे प्रकरण आम्ही पूर्वी जातिसंस्थेच्या संदर्भात शिकवत असू. आता त्यातला तो दंड डोळ्यांपुढे येतो. धक्क्यावर कोणीतरी येणे याची किंमत जातीला नेमकी कळली होती.

उलट, हाती राहिलेला वेळ कामी येतो याची उदाहरणेही आहेत. ८ ऑगस्ट १९३० रोजी डॉ. आंबेडकर आमच्या नागपुरात अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलले. ४ ऑक्टोबरला ते मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने लंडनला निघाले. गोलमेज परिषद सुरू झाली ती १२ नोव्हेंबरला. बोटीला लागणारे दोन आठवडे वजा केले तरी तीनेक आठवडे हाती उरतात. ज्याला परक्या राजधानीत आपल्या लोकांची बाजू नव्याने समजावून सांगायची आहे, त्याला सभागृहाचे दार उघडण्याच्या क्षणी पोचून भागत नाही. आणि कल्पित वाङ्मयात पाहायचे तर ज्यूल व्हर्नचा फिलिआस फॉग आहेच. तो मुंबईला ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी उतरतो. वहीत तशी नोंद करतो. पुढे हिंदुस्थानातच, सती जाणाऱ्या औदाला सोडवण्यात, ते दोन दिवस खर्ची पडतात. ऐंशी दिवसांच्या त्या काटेकोर कोष्टकात प्रेमाला जागा मिळते ती या शिलकीतूनच. न्यूयॉर्कला शिल्लक संपलेली असते आणि लिव्हरपूलची बोट पाऊण तासाने चुकते.

शेवटी तोडगा निघाला तो एका रात्रीचा. आम्ही आदल्या सकाळी मुंबईत उतरलो. इगतपुरीनंतर घाटात गाडी हळू झाली तेव्हा आत्या जागी होती; बोगदे मोजत होती असे म्हणाली. दादरला एका जुन्या स्नेह्यांकडे सामान टाकले आणि दुपारी तिला बॅलार्ड इस्टेटमध्ये नेले. जॉर्ज विटेटच्या आराखड्यातल्या त्या दगडी इमारती, रुंद रस्ते, सुटीच्या दिवशीची शांतता. धक्का कोठूनच दिसत नाही. भिंत, फाटक, फाटकावर सशस्त्र पहारा. नवे क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले. तिकीट असल्याशिवाय आत प्रवेश नाही आणि पोचवायला येणाऱ्यांनी फाटकाशीच निरोप घ्यायचा. आत्या फाटकासमोर बराच वेळ उभी राहिली. "म्हणजे आता कोणालाच आत सोडत नाहीत," ती म्हणाली. त्यात खेद होता की आणखी काही, हे आम्हांला ठरवता आलेले नाही.

मग तिने चहा मागितला. त्या भागात सुटीच्या दिवशी चहा मिळणे सोपे नाही. फोर्टात एका टपरीपाशी बाकावर बसून तिने प्रथमच काकांच्या त्या दहा दिवसांविषयी सांगितले: ते कोणाकडे उतरले होते, आजी येणार म्हणून त्यांनी बोटीवर चढायला शेवटच्या हाकेपर्यंत कसा उशीर लावला, अधिकारी कसा ओरडला. हे काकांनी तिला परत आल्यावर एकदाच सांगितले होते. आमच्या घरात आजीची बाजू सर्वांना पाठ होती. धक्क्यावर थांबलेल्या मुलाची बाजू तिसऱ्या पिढीला मिळाली ती त्या मोकळ्या दुपारी, जिला प्रवासाच्या आखणीत कोणताही उपयोग नेमून दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नोंदणी उघडण्याच्या आधीच आम्ही रांगेत होतो. दुपारी जहाजावर चढलो. आत्याने खोली पाहिली, गादी दाबून पाहिली, आणि वरच्या मजल्यावर कठड्याशी खुर्ची मागितली. एक कुटुंब अगदी शेवटी धापा टाकत आले. नाशिककडचे होते, रस्त्यात अडकले होते, पण पोचले. आत्याने त्यांना जवळचे लाडू दिले. डिंकाचेच होते, ते तिने कधी बांधून घेतले हे आम्हांला माहीत नव्हते.

दोर सोडले तेव्हा साडेपाच व्हायला आले होते. नागपुरात डिसेंबरात या वेळी दिवे लावायची घाई असते. मुंबईत सूर्य सुमारे अर्धा तास उशिरा मावळतो, त्यामुळे ऊन अजून पाण्यावर होते. धक्क्यावर दोर सांभाळणारे चार-पाच कामगार तेवढे उरले होते. जहाज बाजूला सरकले, मध्ये पाण्याची पट्टी दिसू लागली. आत्या त्या कामगारांकडे पाहत हात हलवत राहिली, ते पाठमोरे होऊन निघून गेल्यावरही.